सहा चाळीसला काय होतं

अक्षतानं डब्लिनहून घड्याळ पाठवलं, यांच्यासाठी.
पावलं, ठोके, झोप, सगळं मोजतं म्हणे,
आणि पणजीत बसलेल्या डॉक्टर मिनेझिसना
दिवाडीची फेरी न धरता दिसतं.

दोन दिवस राहिलं यांच्या उजव्या हातावर.
अर्धांगानंतर सुजतो तो हात.
तिसऱ्या दिवशी यांनी डाव्यानं ओरबाडून
पेजेच्या वाडग्यात टाकलं.
मी पुसलं. चालू होतं.
बंद पडलं तर पोरगी अपरात्री फोन करणार,
म्हणून माझ्याच मनगटावर चढवलं.
उद्या काढू म्हटलं.
पाच आठवडे गेले.

खाट ते न्हाणी अकरा पावलं,
यांना धरून तेवीस.
रात्री दोनला कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून,
पुन्हा पाचला.
दुपारी यांच्या पायथ्याशी जरा टेकले
की मनगट थरथरायचं:
बराच वेळ बसून आहात. उठा.
तेहतीस वर्षं मराठी शाळेत मी पोरांना उभं केलं.
आता माझी पाळी.

गुरुवारी व्हिडिओवर डॉक्टर आले.
टॅब तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला.
"कितें म्हणटा, तारी?"
यांना ते अजून तारीच म्हणतात.
मग चष्मा पुसून,
"दिवसाला सात हजार पावलं! माझा विश्वास बसत नाही."
माझाही बसला नाही.
"पण झोप सलग दोन तासही नाही.
आणि रोज सकाळी सहा चाळीसला ठोके एकशे अडतीस.
त्या वेळी काय करता?"

सहा चाळीसला
मी यांच्या काखेत हात घालते,
गुडघ्याला गुडघा लावते,
एक, दोन, तीन म्हणते
आणि बहात्तर किलोंचा माणूस
खाटेवरून खुर्चीत आणते.
तेव्हाच धक्क्यावर फेरीबोट रांप टाकते,
लोखंडाचा आवाज इथवर येतो,
आणि यांचा डावा हात
हवेतच चाक वळवतो, जरासं.

औषधाचा परिणाम असेल,
असं अगदी तोंडाशी आलं होतं.
पण ज्या माणसाजवळ मोजून चार शब्द उरलेत,
पाणी, नको, अक्षता आणि एक शिवी,
त्यानं माझं मनगट धरलं,
टॅबसमोर नेलं
आणि पाचवा शब्द काढला.
"हिचे."

चित्र तिथेच थिजलं. रेंज.
डॉक्टरांचं तोंड अर्धं उघडं.
आयुष्यभर कॉपी पकडलेली बाई मी,
पदर सारखा करत बसले, पकडलेल्या पोरीसारखी.

चित्र हललं तेव्हा ते रागावले नाहीत.
म्हणाले, नवी फाईल उघडतो. पेशंटचं नाव?
मी सवयीनं यांचंच सांगितलं.
"तें न्हय, बाई. तुमचें."
कुमुदिनी रामनाथ सालेलकर. वय सदुसष्ट.
पाच आठवड्यांचे आकडे त्यांनी उचलले
आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवावं
तसे माझ्या नावावर केले.
अक्षता त्या रात्री फोनवर बराच वेळ काहीच बोलली नाही.
मी तिला इथला पाऊस ऐकवला.

आता मंगळवारी आणि शनिवारी
शेजारचा सेबी येतो उचलायला.
त्या दोन दिवशी सहा चाळीसला
माझे ठोके चौऱ्याऐंशी.
बाकीचे पाच दिवस आहेतच.

यांना घड्याळ अजून आवडत नाही.
पण संध्याकाळी माझा हात ओढून घेतात,
आकडा बघतात,
पूर्वी भरतीची खूण बघायचे तसा, डोळे बारीक करून.
मनगट थरथरतं: उठा.
हे म्हणतात: नको.
मी यांचं ऐकते.
बराच वेळ.