मापात पाप

तक्रारीवर सात सह्या.
रविवारी सकाळी साडेनऊचा अर्धा तास
परवान्यात तिग्रिन्याच्या नावावर असताना
चार मिनिटं दहा सेकंद
अम्हारिक बोलली गेली.
कलम मला पाठ आहे :
दुसरी भाषा, दहा टक्क्यांपर्यंत.
म्हणजे तीन मिनिटं.
वरची सत्तर सेकंदं
फाईल होऊन माझ्या टेबलावर आली.

विनिपेगमध्ये उणे एकतीस.
मी हेडफोन लावले.
शेजारी दुभाषी फित्सुम,
दोन्ही भाषा आपल्या मानणारा
म्हणून दोन्हीकडच्यांना नकोसा,
एका मानधनात दोघांचं काम
म्हणून कार्यालयाला हवासा.

पडद्यावर लेतेब्रहान. पांढरी शाल.
पाठीमागे कापडावर रंगवलेला डोंगर,
त्याचा डावा कोपरा सुटून लोंबतोय.
बातम्या, मग हिवाळी बुटांचा सेल,
कुणाच्या तरी बाळाचं नाव ठेवलं ते,
मग फोन.

फोनवर म्हातारा. बेझाबिह.
फित्सुम सांगत गेला, मी लिहीत गेले :
माझ्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायची. तुमच्यातली.
जिन्यात मान हलवायचो आम्ही, बस, तेवढंच.
लढाई तिकडे. इकडे जिना एकच.
काल तिला नेलं, आणि रात्री गेली.
इस्पितळवाले विचारतात, हिचं कोण आहे?
मला तर धड नावही येत नाही.
थांबा, तिचं वीजबिल चुकून माझ्या पेटीत पडलेलं,
त्यावर असेल. थांबा हं.

आणि रिसीव्हर ठेवून तो जातो.

सपाता.
एक दार.
फ्रिजची घरघर.
कुठला तरी खण अडकतो, हिसका, उघडतो.
लेतेब्रहान काही बोलत नाही.
जाहिरात लावता आली असती. लावत नाही.
एकदा फक्त शाल सावरते.
फित्सुमचं पेन कागदावर टेकून राहिलेलं,
शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

मग तो येतो धापा टाकत,
अक्षर अक्षर लावून वाचतो : अब्रेहेत.
ती त्याच्या भाषेत त्याला पत्ता विचारते, इस्पितळ विचारते,
बसून घ्या म्हणते,
आणि कॅमेऱ्याकडे वळून आपल्या भाषेत :
अब्रेहेतला ओळखणारं कुणी आहे का?

माझ्या तक्त्यात रकाने चार :
भाषण, संगीत, जाहिरात, इतर.
प्रत्येकापुढे भाषा लिहायची, कोरं सोडायचं नाही.
शांततेला रकाना नाही.

माझं आडनाव युक्रेनी.
त्या भाषेतले शब्द मला तीन येतात :
बीट, माफ कर, आणि एक शिवी,
बापानं ट्रकच्या टायरला घातलेली.
कुणाचं बोलणं कुठल्या भाषेतलं
हे ठरवायला सरकारनं मला नेमलंय.

घड्याळ लावलं. तीनदा मोजलं.
एक मिनिट चौदा सेकंद.
फित्सुमला विचारलं, हे कुठल्या भाषेत धरू?
तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.
म्हणाला, म्हातारा तर खोलीत नव्हताच.
गप्प होती ती एकटी.

लिहिलं : इतर. तिग्रिन्या.
उरलं अम्हारिक, दोन मिनिटं छप्पन्न.
मापात पाप करू नये म्हणतात.
तागडीवर अंगठा ठेवला मी, हलकाच,
चार सेकंदांइतका.
शेरा : उल्लंघन नाही.

चॅनलच्या उत्तराला एक जोडपत्र होतं,
त्या दुपारी आलेल्या फोनची यादी.
सव्वीस नावं, कोण किती वाजता इस्पितळात पोचतो ते,
एकाच्या पुढे, चादर आणतो.
तक्रारीतल्या सातांपैकी दोघं त्यात आहेत.
अहवालात हे घातलं नाही.
विचारलेलं नव्हतं.