गाळणी

निंभोऱ्याच्या शिवारात, केळीच्या कडेला
दोनशे लिटरची टाकी, चार लोखंडी पायांवर.
तोटी बुडापासून चार बोटं वर बसवलीय सुपडूमामानं.
"खालचं आपलं नाही," म्हणतो,
"ते टाकीचं."

खालचं म्हणजे गंज, पाणी,
काळ्या मातीची साय
आणि मागल्या चैत्रातली एक अख्खी वावटळ.

नरसाळ्यावर मामीच्या नायलॉन पातळाचा तुकडा, दुहेरी.
त्यावरची जांभळी फुलं
डिझेलनं केव्हाच पुसली.
रस्त्यावर केळीचा ट्रक हॉर्न देतोय,
घड अजून बागेतच.
मामा ढिम्म. धार करंगळीएवढी.

"इंजिनाला घसा असतो रे भो,
पण खाकरता येत नाही त्याला."

जन्मला तेव्हा ह्याला सुपात घालून
उकिरड्यापाशी ठेवला होता घटकाभर.
आधीची तीन गेली होती.
फोलपट समजून मरण पुढं निघून गेलं,
नाव तेवढं चिकटलं.

कापडावर उरतो चमचाभर कचरा.
तो उन्हात धरतो, बोटानं उलटापालटा करतो,
बांधावर झटकतो.
एक मेलेला मुंगळा मात्र
उचलून टाकीच्या पायाशी ठेवतो.

का, ते मी विचारलं नाही.
ट्रॅक्टर पहिल्या किल्लीला उठला होता.