नवी मूठ

सातपूरच्या टूलरूममधून निवृत्त झालेले विसपुते
म्हणाले, आधी हात दाखवा.
भविष्य बघावं तसा पंजा उलटसुलट केला,
करंगळी वाकडी का, विचारलं.
लहानपणी दारात सापडली, म्हटलं.
दार भावानं लावलं होतं, ते नाही सांगितलं.
ओल्या मातीत ठसा घेतला त्यांनी
आणि तीन महिने फोन उचलला नाही.

आज रेंजवर पहिल्यांदा.
अक्रोडाची मूठ, जवसाच्या तेलाचा वास अजून ताजा,
जुनी चप्पल पाय ओळखते
तशी तळव्यात बसली.
करंगळीसाठी निराळी पन्हळ, किंचित तिरकी.
एवढ्या वर्षांत त्या वाकडेपणाला
कुणी जागा करून दिली नव्हती.

दहा मीटर. ट्रिगर पाचशे ग्रॅम.
पहिले पाच छर्रे खाली, डावीकडे,
पण एकमेकांना चिकटून,
लग्नात एकाच सोफ्यावर बसलेल्या आत्यांसारखे.
साइट दोन क्लिक उजवीकडे, एक वर, कोठुळे सर म्हणाले.
मग दहा, नऊ, दहा, दहा.
मग सात.

क्लबच्या पिस्तुलाला नावं ठेवता यायची:
मूठ घसरते, घोडा अडतो,
शंभर जणांच्या घामाचं आहे.
ह्या सातचं काय करू?
श्वास अर्धा सोडला होता,
आणि तेवढ्यात भावाचा
न उचललेला फोन आठवला.

घरी जाताना विसपुत्यांना फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
कशी आहे?
काही लपवत नाही, म्हटलं.
मग कानस लावायला नको आता,
ते म्हणाले.