शहाण्णव मैल

बूट आधी आले, नकार मागून.
कांदिवलीच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता,
"मावशी, हे घोटा धरून ठेवतात,
चिखलात, बर्फात, कुठेही."
मी त्याला सगळं सांगितलं:
सात दिवस चालायचंय तिकडे,
तळ्याच्या काठाने, मग दरी, मग डोंगर,
सोबत लेक, तिचा नवरा,
आणि रोज रात्री सूप.

नकाराच्या पत्रात होतं,
परत येण्याची पुरेशी कारणं दिसत नाहीत.
निवृत्त. विधवा. एकुलती मुलगी परदेशी.
खोटं त्यात काहीच नव्हतं.

मग मी बोरिवलीच्या फाटकावर तिकीट काढलं.
फाटकापासून लेण्यांपर्यंत सात किलोमीटर,
जाऊन-येऊन चौदा,
अकरा रविवारांचे एकशे चोपन्न,
म्हणजे शहाण्णव मैल. तिकडच्याइतकेच.
बँकेत बत्तीस वर्षं काढली की
असले हिशेब झोपेतही जुळतात.

पहिल्या रविवारी टाचेला फोड.
तिसऱ्या रविवारी तुळशीच्या फाट्यावर
चौकीबाहेर शेकत बसलेला लखमा बरफ.
आडनाव ऐकून मला हसू आलं, त्यालाही.
"अर्धा पाडा बरफ हाय. बघितला कुनीच नाय."
मग बुटांकडे बघून,
"लय वाजतात. बरं हाय.
बिबट्या आधीच बाजूला होतो."

तलावाकडे सोडत नाहीत, पिण्याचं पाणी.
ऐनांच्या खोडांमधून
हातरुमालाएवढं काहीतरी चमकतं.
"आज इतकंच," लखमा म्हणतो,
जसं त्यानेच मोजून कापून दिलंय.

लेकीने फोनवर तिचं तळं दाखवलं,
करडं, लांबच लांब, काठाला एक मेंढी.
"आता तुझं दाखव."
मी हात उंच केला आणि नेटवर्क गेलं.

सातव्या रविवारी गुडघा.
आठवा मी घरीच, शेकाची पिशवी घेऊन.
वहीत त्या दिवसापुढे रेघ मारली,
मग खोडली.

कान्हेरीच्या माथ्यावरून सगळं एकदम दिसतं,
विहार, तुळशी, त्यांच्यामागे टॉवर,
आणि धुरकट कडेला कदाचित खाडी.
तिथे पायऱ्यांजवळ पाण्याची पोढी आहे.
कुणीतरी कातळ कोरून घेतला,
शेजारी नाव लिहून ठेवलं.
किती चालून आला ते लिहिलेलं नाही.
मी वाकून बघितलं,
पाण्यात एक टोपी आणि आभाळ.

शेवटच्या दिवशी लेण्यांच्या पायथ्याशी
बसवाला म्हणाला, "मावशी, परत जायचंय ना? बसा."
जायचंय, म्हटलं. चालतच.
सावरीला तेव्हा एकही पान नव्हतं,
नुसती लाल फुलं, आणि खाली सांडलेली.
चौकीवर लखमा नव्हता.
त्याची काठी होती, भिंतीला टेकलेली.

आता गॅलरीत वर्तमानपत्र पसरून
मोज्यांतली कुसळं काढतेय.
फोन वाजतोय.
वाजू दे जरा.
डाव्या मोज्यात अजून बरीच आहेत.