आधी येणं, मग जाणं

दुकान आमच्या दारापासून एकशे बारा पावलांवर.
हा शाल्मलीचा हिशोब.
माझी पावलं मोठी, म्हणून माझा हिशोब चूक.

डार्लिंग्टनच्या या विटकरी गल्लीत
एका मंगळवारी काळे डबे बाहेर येतात, पुढच्या मंगळवारी निळे,
आणि कुणी चुकीचा रंग काढला
तर ती त्याच्या दाराशी जाऊन थांबते.
बेल वाजवत नाही. नुसती थांबते,
माणूस बाहेर येईपर्यंत.
शेजारच्या रेगला आता सवय झालीय.

हिवाळाभर मी टेबलावर चित्रं कापली:
किल्ली, फाटक, रस्ता,
हिरव्या झाकणाची दुधाची बाटली,
रांग, नाणी, परत घर.
पोळ्यांना लॅमिनेटरचा वास लागला.

फियोना म्हणाली, शेवटून सुरुवात करा.
म्हणून अख्खा नोव्हेंबर
दूध मी घ्यायचे,
आणि शेवटची चार पावलं ती एकटी चालायची.
फाटक ढकलून घरात.
टाळ्या नकोत, टाळ्या तिला टोचतात.
डिसेंबरात खांबापासून,
जानेवारीत दुकानाच्या पायरीपासून.
जायचं कसं हे माहीत नसताना
माझी मुलगी परत यायला शिकली.

फेब्रुवारीत रांग.
गल्ल्यावरची ब्रेंडा म्हणाली, "ऑल राइट, पेट?"
"मी पाळीव नाही," शाल्मली म्हणाली,
"आणि तुमचा फ्रिज ओरडतोय."
मी पावांच्या रॅकआड, माफी ओठांवर घेऊन.
बारा वर्षं ती मी सुट्ट्या पैशांसारखी
खिशात बाळगते.
ब्रेंडा वाकली. फ्रिजला कान लावला.
"तीन वर्षं," म्हणाली,
"मला वाटायचं, माझ्याच डोक्यात आहे."

घरात मात्र वेगळंच भांडण.
बाहेर पडताना मी म्हणते, "येते गं."
"तू जातेयस," ती म्हणते. "दार तिकडे आहे."
जाते म्हणू नये, बाळा.
का?
का, ते मला आईनं सांगितलं नव्हतं,
तिला तिच्या आईनं नसणार.
याचंही कार्ड करायला बसले एका रात्री,
पण बाण कुठल्या दिशेला काढायचा
तेच ठरेना.

आज शनिवार. मी घरीच.
कानांवर तिचे मोठे निळे हेडफोन,
जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत.
या चेनची दोन वर्षं वेगळी सांगावी लागतील.
दारात थांबली,
माझ्याकडे नाही, पायपुसण्याकडे बघत म्हणाली,
"जाते. सात मिनिटांनी येते."

मी लसूण सोलायला घेतला.
आठवं मिनिट.
भाजीत लसूण नव्हताच घालायचा.
नवव्याला कडीवर हात गेला, आणला मागे.
आणखी एक गड्डा फोडला.
अकराव्या मिनिटाला फाटक वाजलं.

दूध होतं.
झाकण निळं.
"हिरवं संपलं होतं," ती म्हणाली.
"मी चार मिनिटं उभी राहिले.
मग निळं घेतलं."

काय बोलावं सुचेना, आणि ते बरंच झालं.
चहा निळ्याचाच केला. ती प्यायली नाही.
पण बाटली तिनंच फ्रिजात ठेवली,
हिरव्या रिकामीशेजारी,
लेबल बरोब्बर समोर करून.

संध्याकाळी केअर होमच्या पाळीला निघाले.
उंबऱ्यात जीभ जरा अडखळली.
"जाते," म्हणाले. "साडेदहाला येते."
तिनं घड्याळ पाहिलं. मान हलवली.

बस चुकली.
दहा चाळीसला दार उघडलं
तर बाबा सोफ्यावर घोरतोय
आणि ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर,
'परत घर'चं कार्ड मांडीवर उलटं ठेवून.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.
"तुला मदत हवीय का?"