अर्धा कप

ससूनच्या केसपेपरच्या मागे
डॉक्टरीणबाईंनी पत्ता लिहून दिला होता.
रास्ता पेठ, महापालिकेची शाळा,
मागचं दार, साडेसात.
अकरा दिवस तो शर्टाच्या खिशात राहिला,
एकदा धुण्यातही गेला.
शाई पसरली, पेठ गेली, शाळा गेली,
नेमकं ‘मागचं दार’ तेवढं वाचता येत होतं.

मागच्या दारांचं मला नवल नव्हतं.
ड्राय डेला दापोडीत कुणाचं शटर
किती बोटं वर असतं,
हे मला मुलाच्या इयत्तेपेक्षा पक्कं ठाऊक.
पण खडकीहून निघून, मनपाला बस बदलून
त्या गल्लीत मी तीन फेऱ्या मारल्या.
विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून?
शेवटी पानवाल्यानेच
चुना लावता लावता, वर न बघता सांगितलं,
“मीटिंग ना? तो निळा पाइप दिसतो, त्याच्या पुढे.
चप्पल बाहेर नका काढू, कुत्रं नेतं.”

तिसरी ब.
लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन
बसलेली मोठी माणसं.
फळ्यावर पट ३८, हजर ३१,
खाली हातच्याच्या वजाबाक्या,
आणि कोपऱ्यात चौकट करून ‘पुसू नये’.
कुणी पुसत नाही.

इथे नाव तेवढं सांगायचं.
ज्या गावात आडनाव कळेपर्यंत
समोरच्याशी किती हसायचं ते ठरत नाही,
त्या गावात ही एक खोली.
मी म्हणालो, मी दिगंबर.
पुढचं वाक्य घशातच बसलं.
कुणी ओढून काढलं नाही.
हेमलताताई बोलायला लागल्या,
“मी तांदळाच्या डब्यात लपवायचे.
आमच्या घरात भात कमी झाला तो तेव्हापासून.”
सगळे हसले. मीही हसलो,
आणि मला आठवली
जिन्याखालची मीटरची पेटी.

मग कदीरभाईंनी चहा दिला. अर्धा कप.
मनात आलं, बघा, इथेही हात आखडता.
कप उचलला तेव्हा कळलं,
भरून दिला असता तर
अर्धा माझ्या मांडीवर असता.
त्यांनी ते दारातच पाहिलं होतं,
माझे हात.

एक्केचाळिसाव्या संध्याकाळी प्यायलो.
कारण काही नव्हतं.
असतं तर बरं झालं असतं,
त्याला शिव्या देता आल्या असत्या.
नऊ दिवस मी त्या पेठेवरून जाणारी बस
बघून न बघितल्यासारखी सोडली.
दहाव्या दिवशी गेलो.
भाषण मी बसमध्येच तयार केलं होतं,
माफीचं, बरंच लांब.
कदीरभाई बाकावर सरकले,
एका माणसाइतके.
बस. एवढंच.
चहा पुन्हा अर्धा.

घरी सरोज दार उघडते,
आधी श्वास घेते, मग बोलते.
मी उंबऱ्याबाहेर थांबतो तेवढा वेळ.
एकोणीस वर्षांचा हिशेब आहे,
तिने हवा तितका वेळ घ्यावा.
गेल्या आठवड्यात मात्र ती सरळ म्हणाली,
“कोथिंबीर विसरलात ना?”
आणि मी जिना उतरून पुन्हा मंडईकडे निघालो
तेव्हा अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
तिने वास घेतलाच नव्हता.

आता गुरुवारी किटली माझ्याकडे असते.
परवा एक पोरगा आला, हेल्मेट हातात घट्ट धरून.
“मी बहुतेक चुकीच्या ठिकाणी...” म्हणाला.
गल्लीतून तीनदा गेलेली त्याची गाडी
मी खिडकीतून ऐकली होती.
त्याने कपात पाहिलं, मग माझ्याकडे.
अर्धा का, हे कळायला त्याला
पाच मिनिटं तरी लागतील.
मी काही बोललो नाही.
चप्पल तेवढी आत घ्या, म्हटलं.
बाहेर कुत्रं आहे.