चाचणी सात

साडेचार हजारांचा डबा.
वकीलवाडीतल्या दुकानात काउंटरवर दोनदा पालथा करून पाहिला.
पत्र्याचा आहे, प्लास्टिकचा नाही. ठीक.
आवाजाची दोन बटणं, त्यातलं डावं जरा सैल.
डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं.
सातपूरला एकवीस वर्षं बेअरिंगच्या रिंगा तपासतोय,
हे बोट पगारावर आहे.

दुकानदार म्हणाला, शिकाऊ माणसाला पुष्कळ झालं हे.
मी म्हटलं, शिकाऊच आहे.
शेहेचाळिसाव्या वर्षी बुलबुलतरंग रेकॉर्ड करायला निघालेला
आणखी कोण असणार?

घरी आलो. भिंतीला फोम लावला,
दिंडोरीच्या मेव्हण्याकडून आणलेला, द्राक्षांच्या पेट्यांतला.
अजून गोडसर वास येतो त्याला.
पंखा बंद. फ्रिज बंद.
(दुधाचं काय, असं आतून विचारलं गेलं.)
कंपनीचा जुना तपासणी तक्ता घेतला, पाठकोरा,
आणि लिहायला बसलो.

तार छेडली की हेडफोनात ती जराशी मागून येते.
गाडगे महाराज पुलापाशी उभं राहावं,
पलीकडच्या काठावर कुणी गोधडी आपटावी,
हात पुन्हा वर गेल्यावर आपल्यापर्यंत 'धप्' पोचावं,
तसं.
मग मागचं एक छोटं बटण दाबलं
आणि काठ जवळ आला.
लिहिलं: चालेल.

अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबलं तसा माइक जागा झाला,
आणि त्याच्याबरोबर अख्खी इमारत.
वरच्या खैरनार वहिनींचा खलबत्ता,
जिन्यात कुणाची तरी घसटत जाणारी चप्पल,
माझ्याच मनगटातलं घड्याळ.
ओझरहून उठलेलं विमान
पट्टी टोकापर्यंत तांबडी करून गेलं.
हा डब्याचा दोष नाही.
लिहिलं: ऐकतो जास्त.

सातवी चाचणी शांततेची.
काहीच वाजवायचं नाही, बटण पूर्ण उजवीकडे,
एक मिनिट.
मग ते मिनिट मोठं करून ऐकायचं.
ऐकलं. स्वच्छ.
साडेचार हजारांत इतकी स्वच्छ शांतता!
पेन उचललं होतं,
तेवढ्यात प्रांजलने एक कान मागितला, अभ्यास टाळायला,
आणि लगेच हेडफोन काढला.
"पप्पा, हे काय शिटी मारतंय?"

कुठे?
"अहो, सबंध. पहिल्यापासून."

लॅपटॉपवर पाहिलं. होती.
तळाशी हिरवी रेघ, एकसारखी थरथरत,
माझ्या डोळ्यांसमोर.
हेडफोन दाबून धरला, डावा, उजवा.
श्वास धरला.
रेघ हलत होती आणि कानात काही नव्हतं.

दरवर्षी कंपनीत तपासणीची गाडी येते.
काचेच्या खोलीत बसवतात, हातात बटण देतात:
आवाज आला की दाबा.
गेली तीन वर्षं मी अंदाजाने दाबतोय.
पिवळे बोळे मिळतात कानात घालायला.
प्रेस शॉपमधून जाता-येता
ते शर्टाच्या खिशात असतात, नवेकोरे.

तक्त्यात रकाना एकच: पास, नापास.
कुणासाठी, ते विचारलेलं नाही.

"कशी आहे गं शिटी?"
ती विचारात पडली.
"कुकर उतरवल्यावर झाकणाशी बारीक वाफ राहते ना…
नाही, तशीपण नाही. थांबा."
माइकजवळ आली, ओठ आवळले,
दातांच्या फटीतून हवा सोडली,
लांब, बारीक, मग हसूच फुटलं तिला.

रेकॉर्डिंग चालूच होतं.

डबा परत करायला शनिवारपर्यंत मुदत आहे.
सैल बटणाचं मी सांगू शकतो.
'चाचणी सात' नावाची फाईल आत्ता पुन्हा लावलीय:
आधी मिनिटभर मला काहीच नाही,
मग प्रांजल,
ती शिटी मला करून दाखवणारी.
ही ऐकू येते.